अख्ख्या जिवाणूला घट्ट, तीन शर्करांना जेमतेम: प्रतिपिंड शर्करा कशी ओळखतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साल्मोनेला टायफीम्युरियमच्या ओ-अँटिजेनवर (जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या शर्करा-साखळीवर) बनवलेला एक मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून आलेला, प्रतिपिंड एलायझामध्ये (प्लेटवरच्या बंधन-चाचणीत) अख्ख्या जिवाणूला उत्तम चिकटतो. पण त्याच ओ-अँटिजेनमधला तीन शर्करांचा कृत्रिम तुकडा द्रावणात दिला, की पकड पाच-दहा मायक्रोमोलरच्या घरात घसरते (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट; नॅनोमोलर हा मायक्रोमोलरचा हजारावा भाग). प्रथिनांवरच्या प्रतिपिंडांचे नॅनोमोलर आकडे पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा निकाल नापासाचा वाटतो. पुढचा प्रश्न त्याहून मुळातला आहे: सगळ्याच शर्करा हायड्रॉक्सिलांनी (-OH गटांनी) भरलेल्या, दिसायला एकीसारखी दुसरी. मग प्रतिपिंड नेमकं ओळखतो तरी काय?

आधी दिलासा देतो. हा प्रतिपिंड चांगला असण्याचीच शक्यता जास्त आहे. शर्करा ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची एका बंधनस्थळापुरती पकड बहुतेकदा मायक्रोमोलरच्या आसपासच असते. नॅनोमोलर पकड क्वचित भेटते. प्रथिनांच्या बाबतीत नेमकेपणा आणि ताकद साधारण एकाच ठिकाणाहून, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांत चपखल बसण्यातून येतात. शर्करांच्या बाबतीत या दोन गोष्टींची मुळं वेगळी आहेत. नेमकेपणा येतो साखळीच्या घडणीतल्या दोन-चार बारीक फरकांतून. ताकद येते तोच आकार पृष्ठभागावर शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येण्यातून. तीन शर्करांचा सुटा तुकडा दिला की पहिली गोष्ट शिल्लक राहते आणि दुसरी नाहीशी होते. म्हणूनच पकड ढिली पडली.

प्रतिपिंडासमोर काय असतं ते पटकन पाहून घेऊ. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य पटलात लिपोपॉलिसॅकराइड रोवलेलं असतं: तळाला लिपिड ए, त्यावर गाभ्यातल्या शर्करा आणि त्यांच्यावर ओ-अँटिजेनची साखळी, जिच्यात काही शर्करांचा एकच संच पुन्हा पुन्हा जोडलेला असतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी (हिब) यांच्याभोवती बहुशर्करेची कॅप्सूल असते. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंच्या भिंतीत टायकोइक आम्लं असतात. माणसाच्या पेशी आपल्या साखळ्या जेमतेम नऊ-दहा प्रकारच्या शर्करांतून विणतात, तर जिवाणूंकडे असे शंभरावर प्रकार आहेत. ऱ्हॅम्नोज, ॲबेक्वोज, पेरोसॅमिन यांच्यासारख्या शर्करा आपलं शरीर बनवतच नाही. तेव्हा ‘सगळ्या सारख्याच’ हा समज कागदावरच्या षट्कोनांमुळे होतो. त्रिमितीत पाहिलं की चित्र बदलतं.

तरीही काम अवघड आहेच, आणि त्याला कारण पाणी. शर्करेचा प्रत्येक हायड्रॉक्सिल पाण्यात आधीच हायड्रोजन बंधांनी बांधलेला असतो. प्रतिपिंडाला शर्करा धरायची तर हे पाणी हटवून त्याच्या जागी स्वतःचे बंध द्यावे लागतात. जेवढं मिळतं जवळजवळ तेवढंच द्यावं लागतं. त्यात साखळीतले ग्लायकोसिडिक बंध, म्हणजे एका शर्करेला दुसरीशी जोडणारे बंध, थोडेफार फिरते असतात. प्रतिपिंडात बसताना त्यांना एका स्थितीत थांबावं लागतं आणि त्या स्वातंत्र्याची किंमत एन्ट्रॉपीत मोजावी लागते. म्हणून क्रिस्टल रचनेत दहा-बारा हायड्रोजन बंध मोजून ‘पकड इतकी घट्ट असणार’ असा अंदाज बांधणं शर्करांच्या बाबतीत फसतं. विद्यार्थ्यांना मी बंध मोजण्याआधी पाण्याकडे पाहायला सांगतो. कॅनडातले शर्करा-रसायनज्ञ रेमंड लेमिऊ यांनी हे फार ठामपणे मांडलं होतं: बंधनाच्या ऊर्जेतला मोठा वाटा शर्करेच्या आणि प्रथिनाच्या पृष्ठभागांवरून सुटणाऱ्या पाण्याचा असतो.

मग हायड्रोजन बंधांचं काम काय? त्यांचं महत्त्व उलट्या बाजूने पाहिलं की कळतं. योग्य शर्करा आत बसली तर प्रत्येक दडलेल्या हायड्रॉक्सिलला जोडीदार मिळतो आणि हिशेब कसाबसा बरोबरीला येतो. चुकीची शर्करा आत शिरू पाहिली, म्हणजे एखादा हायड्रॉक्सिल वर असण्याऐवजी खाली असला, तर तो पाणी सोडून आत येतो आणि तिथे त्याला कोणीच भेटत नाही. तो तोटा मोठा असतो. नेमकेपणा असा घडतो: योग्य शर्करेला फार मोठं बक्षीस नाही, पण चुकीच्या शर्करेला जबर दंड आहे. १९२९ मध्ये वॉल्थर गोबेल आणि ऑस्वाल्ड एव्हरी यांनी ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज प्रथिनाला जोडून सशांना टोचलं होतं. दोघींत फरक फक्त चौथ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या दिशेचा, तरी सशांच्या रक्तद्रवाने त्या वेगवेगळ्या ओळखल्या. क्ष-किरण रचना हाताशी नसताना केलेला हा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो.

ऊर्जेची खरी कमाई होते ती शर्करेच्या पाणीविमुख भागांतून. शर्करेच्या कड्याच्या एका अंगाला पुष्कळदा फक्त कार्बन-हायड्रोजन बंध बाहेर डोकावतात. तो पट्टा ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसीनच्या सपाट कड्यावर टेकतो. शर्करा बांधणाऱ्या प्रथिनांच्या रचना एकामागून एक पाहिल्या, की बंधनस्थळात ही दोन अमिनो आम्लं किती वेळा भेटतात ते जाणवतं. आणि इथेच जिवाणू आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या हाती सापडतात. त्यांच्या शर्करांवर हायड्रॉक्सिल गायब असलेल्या जागा, मिथाइल गट, ॲसिटाइल गट, पायरुवेट अशा पाणीविमुख खुणा भरपूर असतात. प्रतिपिंड बहुतेकदा अशीच एखादी खूण धरतो.

तुमचाच साल्मोनेला याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. साल्मोनेलाच्या ए, बी आणि डी या गटांमध्ये ओ-अँटिजेनचा मुख्य कणा सारखाच असतो: मॅनोज, ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्टोज. मॅनोजवर एकच शर्करा फांदीसारखी लागलेली असते आणि गट ठरतो तो तिच्यावरून. ए गटात पॅरॅटोज, बी गटात ॲबेक्वोज, डी गटात टायव्हेलोज. तिन्ही ३,६-डायडिऑक्सी शर्करा, म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल नाही. त्यांच्यातला फरक एखाद्या हायड्रॉक्सिलच्या दिशेचा. ॲबेक्वोज आणि पॅरॅटोज चौथ्या कार्बनवर वेगळ्या, पॅरॅटोज आणि टायव्हेलोज दुसऱ्या कार्बनवर. पॅराटायफी ए, टायफीम्युरियम आणि टायफी या तीन जिवाणूंच्या ओ-अँटिजेनमधला मूळ फरक एवढाच आहे, आणि रक्तद्रव चाचणीत तो शंभर वर्षांपासून पकडला जातोय.

१९९१ मध्ये कॅनडातल्या मिरोस्लाव सिग्लर, डेव्हिड बंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसई१५५-४ या बी गटाविरुद्धच्या प्रतिपिंडाच्या फॅब तुकड्याची (शर्करा धरणाऱ्या एका सुट्या बाहूची) ओ-अँटिजेनच्या तुकड्यासह क्रिस्टल रचना प्रसिद्ध केली. जिवाणूच्या पृष्ठभागावरची शर्करा प्रतिपिंडात कशी बसते हे इतक्या बारकाईने त्यात प्रथमच दिसलं. ॲबेक्वोज एका खोल खिशात पूर्ण बुडालेली आहे. खिशाच्या भिंती ट्रिप्टोफॅन, हिस्टिडीन यांच्या कड्यांनी बनलेल्या आहेत. मॅनोज आणि गॅलॅक्टोज खिशाच्या तोंडाशी, बऱ्याचशा पृष्ठभागावरच राहतात. खिशाच्या तळाशी पाण्याचा एकच रेणू अडकलेला आहे आणि तो ॲबेक्वोजला प्रथिनाशी जोडतो. तो काही उरलेलं, चुकून राहिलेलं पाणी नाही. बंधनस्थळाचा तो एक भागच आहे. या प्रतिपिंडाची त्रिशर्करेवरची पकड पाच मायक्रोमोलरच्या आसपास आहे. आता तुमचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहा. शर्करा-प्रतिपिंडांचा पाठ्यपुस्तकी नमुना मानला जाणारा रेणूही तुमच्याच पंगतीत बसलेला आहे.

कॉलऱ्याचं उदाहरण याहून टोकाचं आहे. व्हिब्रिओ कॉलरी ओ१ चे ओगावा आणि इनाबा हे दोन सिरोटाइप, म्हणजे रक्तद्रव चाचणीत वेगळे पडणारे उपप्रकार. दोघांचीही ओ-साखळी पेरोसॅमिनच्या एकसारख्या कड्यांची. ओगावामध्ये साखळीच्या अगदी शेवटच्या कड्यावर एक मिथाइल गट असतो, इनाबामध्ये तिथे साधा हायड्रॉक्सिल. अख्ख्या साखळीत फरक एवढाच. ओगावाविरुद्धच्या एका प्रतिपिंडाची रचना २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात शेवटचं कडं खिशात गेलेलं दिसतं आणि तो मिथाइल गट एका पाणीविमुख खळगीत नेमका बसलेला. बंधनाच्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्या एका टोकाच्या कड्यातून येतो. मिथाइल नसेल तर खळगी रिकामी राहते आणि वर तिथल्या हायड्रॉक्सिलला जोडीदारही मिळत नाही.

यातून पुढचा मुद्दा निघतो: प्रतिपिंड साखळीचं टोक धरतो की मधला भाग? दोन्ही प्रकार आहेत. एल्विन कॅबट यांनी १९५० च्या दशकात डेक्स्ट्रानविरुद्धच्या मानवी प्रतिपिंडांवर काम केलं. डेक्स्ट्रान म्हणजे ल्युकोनॉस्टॉकसारख्या जिवाणूंनी बनवलेली ग्लुकोजची साखळी. दोन, तीन, चार अशा वाढत्या लांबीचे तुकडे स्पर्धक म्हणून देत त्यांनी पाहिलं की सहा ग्लुकोजांपर्यंत रोधन (तुकड्याने प्रतिपिंडाला मूळ साखळीपासून रोखणं) वाढत जातं आणि त्यापुढे फारसा फरक पडत नाही. प्रतिपिंडाचं बंधनस्थळ किती मोठं असतं याचा तो पहिला ठोस अंदाज होता, आणि नंतरच्या क्रिस्टल रचनांशी तो चांगला जुळला. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्याच प्रयोगशाळेत उंदरांच्या मायलोमा प्रथिनांचा, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगातून मिळणाऱ्या एकसारख्या प्रतिपिंडांचा, अभ्यास झाला. काही प्रथिनांच्या खिशात साखळीचं टोक जातं, तर काहींमध्ये लांबट खोबण असते आणि साखळीचा मधला भाग तिच्यात आडवा पडतो, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

हा भेद फक्त वर्गीकरणापुरता नाही. टोक प्रत्येक साखळीला एकच असतं. मधले संच डझनांनी असतात. खोबणीचा प्रतिपिंड एकाच साखळीवर अनेक जागी बसू शकतो, जवळच्या जवळ सरकू शकतो, आणि साखळी लांबली तर त्याला बसायला जास्त जागा मिळतात. टोकाच्या प्रतिपिंडाला साखळीच्या लांबीने फरक पडत नाही. साखळ्या किती दाट रोवल्या आहेत यावर त्याचं सगळं अवलंबून असतं. एसई१५५-४ मात्र या दोन्हींच्या मधला आहे. खिसा आहे, पण त्यात जाणारी ॲबेक्वोज ही फांदी आहे आणि ती प्रत्येक संचात येते. फांदी असलेल्या साखळ्यांत खिशाच्या प्रतिपिंडालाही मधल्या जागा खुल्या होतात. म्हणून ‘खिसा म्हणजे टोक, खोबण म्हणजे मध्य’ हे सूत्र डोळे मिटून लावू नका.

आतापर्यंत मी साखळी जणू स्थिर वस्तू असल्यासारखं बोललो. काही बहुशर्करांच्या बाबतीत ते चालत नाही, कारण ओळखला जाणारा आकार लहान तुकड्यात तयारच होत नाही. मेनिंगोकोकस बी ची कॅप्सूल सियालिक आम्लाची सलग साखळी आहे, अल्फा-२,८ जोडाची (एका शर्करेचा दुसरा कार्बन शेजारच्या शर्करेच्या आठव्या कार्बनला जोडलेला). तिच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना दोन-तीन कड्यांचे तुकडे दिले तर ते जवळजवळ दुर्लक्ष करतात. आठ-दहा कडी झाली की पकड येते. बंधनस्थळात तर एवढी कडी एका वेळी मावतही नाहीत. याचा अर्थ असा लावला गेला की साखळी पुरेशी लांब असेल तरच तिचा विशिष्ट पीळ पुरेशा वेळा तयार होतो आणि प्रतिपिंडाला तो पीळ हवा असतो. हीच साखळी मानवी गर्भाच्या मेंदूतल्या पेशींवर, एनकॅम या प्रथिनावर असते. त्यामुळे आपली प्रतिकारयंत्रणा तिला परकं मानायला तयार होत नाही, आणि बी गटासाठी कॅप्सूलवर आधारित लस न करता प्रथिनांवर आधारित लस करावी लागली. ती २०१३ मध्ये युरोपात मंजूर झाली. शेजारचा सी गट पाहा. तेच सियालिक आम्ल, फक्त जोड अल्फा-२,९. एवढ्या फरकाने ती साखळी परकी ठरते आणि सी गटाची कॅप्सूल-लस व्यवस्थित चालते. शर्करेचं नाव तेच, अणूंची संख्या तीच, आणि प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने दोन संपूर्ण वेगळ्या वस्तू.

असाच धडा ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसच्या टाइप ३ कॅप्सूलमधून मिळतो. तिच्यातलं सियालिक आम्ल काढून टाकलं तर उरलेली साखळी न्यूमोकोकस टाइप १४ च्या कॅप्सूलशी तंतोतंत जुळते. मग टाइप १४ विरुद्धच्या प्रतिपिंडांनी ग्रुप बी पासूनही संरक्षण द्यायला हवं, असं वाटेल. तसं होत नाही. संरक्षण देणारे प्रतिपिंड सियालिक आम्लासह असलेल्या मूळ आकारालाच ओळखतात. ओळख सुट्या शर्करांची होत नाही, त्या एकत्र आल्यावर बनणाऱ्या आकाराची होते.

लस बनवणाऱ्यांसाठी हे किती महाग पडू शकतं ते न्यूमोकोकसने दाखवलं. सिरोटाइप ६-ए आणि ६-बी यांच्यात फरक आहे ऱ्हॅम्नोज आणि रिबिटॉल यांच्यातल्या जोडाचा: एकात १,३, दुसऱ्यात १,४. सिरोटाइप १९-एफ आणि १९-ए यांच्यात फरक आहे ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोज यांच्यातल्या जोडाचा: एकात १,२, दुसऱ्यात १,३. कागदावर दोन्ही जोड्या सारख्याच जवळच्या. २००० साली अमेरिकेत आलेल्या सात-घटकी संयुग्मित (बहुशर्करा प्रथिनाला जोडलेल्या) लशीत ६-बी आणि १९-एफ होते, आणि ते आपापल्या भावंडांनाही आवरतील अशी आशा होती. ६-बी ने ६-ए विरुद्ध बऱ्यापैकी संरक्षण दिलं. १९-एफ ने १९-ए विरुद्ध फारच थोडं दिलं; पुढच्या काही वर्षांत १९-ए चे आजार वाढले आणि २०१० च्या तेरा-घटकी लशीत १९-ए स्वतंत्रपणे घालावा लागला. रचनेची दोन सूत्रं शेजारी ठेवून ‘फक्त एक जोड वेगळा आहे’ म्हणताना हे उदाहरण डोळ्यांसमोर असू द्या. कोणता जोड आकार बदलतो आणि कोणता बदलत नाही, ते सूत्र पाहून कळत नाही. रक्तद्रव तपासावा लागतो.

आता ताकदीकडे वळू. पाच मायक्रोमोलरची पकड म्हणजे एक फॅब बाहू शर्करेवर अगदी थोडा वेळ टिकतो, सेकंदापेक्षाही कमी. पण आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडाला असे दोन बाहू असतात आणि आयजीएम या प्रकाराला दहा. एक बाहू सुटला तरी बाकीचे धरून असतात आणि सुटलेल्याच्या आसपास तोच आकार पुन्हा हजर असतो, त्यामुळे तो लगेच परत बसतो. संपूर्ण रेणू निसटायचा तर सगळे बाहू एकाच क्षणी सुटावे लागतात. ओ-अँटिजेनने दाट भरलेल्या पटलावर असं क्वचित घडतं. एलायझात अख्खा जिवाणू वापरल्यावर तुम्हाला दिसलेली ‘उत्तम पकड’ ही अशी एकत्रित पकड आहे.

शिवाय शरीरात प्रतिपिंडाला फक्त चिकटून राहायचं नसतं. आयजीएम पृष्ठभागावर अनेक बाहूंनी बसला की त्याचा सपाट चांदणीसारखा आकार वाकतो आणि कॉम्प्लिमेंटचा (जिवाणूंना मारायला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनसमूहाचा) सी१क्यू घटक बसण्याच्या जागा उघड्या होतात. द्रावणात मोकळ्या फिरणाऱ्या आयजीएममध्ये त्या उघड्या नसतात. म्हणजे अनेक जागी मिळून धरणं हाच इथे धोक्याचा इशारा आहे. एकाच बाहूची पकड नॅनोमोलर असती, तर जिवाणूवरून गळून रक्तात तरंगणाऱ्या सुट्या तुकड्यांवरच प्रतिपिंड खर्ची पडले असते. न्यूमोकोकस टाइप ३ मध्ये काही अंशी हे होतंही: त्याची कॅप्सूल भिंतीला सहसंयुज बंधाने बांधलेली नसते, ती मोठ्या प्रमाणात सुटते आणि प्रतिपिंड शोषून घेते. टाइप ३ वर लशीचा परिणाम कमी पडतो, त्यामागे हे एक कारण मानलं जातं.

प्रतिपिंड साखळीवर कुठे बसतो यालाही महत्त्व आहे. लांब ओ-साखळीच्या टोकाशी कॉम्प्लिमेंट जमा झालं तर ते पटलापासून इतकं दूर राहतं की पटलाला छिद्र पाडू शकत नाही. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंची भिंत तर इतकी जाड, की छिद्राचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रतिपिंडाचं काम भक्षक पेशींना बोलावणं एवढंच. म्हणून न्यूमोकोकसच्या लशी तपासताना एलायझाच्या आकड्याबरोबर भक्षक पेशी जिवाणूंना खरोखर मारतात का, हेही पाहतात.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात येणारच: शरीर हे प्रतिपिंड परिपक्व करून पकड का वाढवत नाही? कारण त्यासाठी टी-पेशींची मदत लागते, आणि टी-पेशींना दाखवण्यासाठी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, लागतं. नुसत्या बहुशर्करेतून पेप्टाइड निघत नाही. बहुशर्करा प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशीच्या पृष्ठभागावरचे अनेक ग्राहक एकदम जोडून तिला थेट जागं करते. त्यातून बराचसा आयजीएम आणि थोडा आयजीजी मिळतो, उत्परिवर्तनं कमी होतात, स्मृती टिकत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांत तर हा प्रतिसाद जवळजवळ येतच नाही. मायकल हायडेलबर्गर आणि एव्हरी यांनी १९२३ मध्ये न्यूमोकोकसचा विद्राव्य प्रतिजन शर्करा आहे हे दाखवलं. एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ पर्यंत टाइप ३ ची बहुशर्करा प्रथिनाला जोडून सशांत प्रतिपिंड मिळवले. एवढं हाती असूनही माणसांसाठीची पहिली संयुग्मित लस, हिबची, यायला १९८७ उजाडलं. संयुग्मनाने आयजीजी आणि स्मृती मिळते, पकडही काहीशी सुधारते. पण पाण्याचा आणि लवचीकतेचा हिशेब तोच राहतो, त्यामुळे प्रथिनांसारखे आकडे तिथेही सहसा दिसत नाहीत.

आता तुमच्या टेबलावरच्या कामाकडे येतो.

पकड मोजताना आयजीजी आणि अख्खी बहुशर्करा एकत्र ठेवू नका. जाळं तयार होतं, अवक्षेप पडतो आणि उष्णतामापनातून आलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही. पेपेन या विकराने फॅब वेगळा करा आणि त्याच्यासमोर ठराविक लांबीचे तुकडे ठेवा. एक संच, दोन संच, तीन संच अशी मालिका मिळाली तर कॅबट यांचा प्रयोग तुमच्या प्रतिपिंडावर नव्याने करता येईल. एका संचावरच पकड थांबली तर फांदीची ॲबेक्वोज आणि तिच्या शेजारच्या दोन शर्करा एवढंच तुमचं बंधनस्थळ. दोन संचांपर्यंत वाढून थांबली तर शेजारच्या संचाचाही स्पर्श आहे. सहा-आठ शर्करांच्या पुढेही, एकाच बाहूच्या फॅबवर, पकड वाढतच राहिली तर दोन शक्यता तपासा: एका साखळीवर बसायच्या जागा वाढल्याने आलेला संख्याशास्त्रीय फायदा, किंवा लांब साखळीतच तयार होणारा आकार. पकडीचा आकडा प्रति संच काढला की पहिली शक्यता बाजूला पडते.

मायक्रोमोलर पकडीचा एक फायदाही आहे, तो घ्या. सॅच्युरेशन ट्रान्सफर डिफरन्स एनएमआरला (अणुकेंद्रकांच्या चुंबकीय संकेतांवरून रेणूंचा स्पर्श पाहणाऱ्या पद्धतीला) असाच पटकन बसणारा आणि पटकन सुटणारा रेणू लागतो. शर्करेचे कोणते हायड्रोजन प्रतिपिंडाला टेकतात याचा नकाशा त्यातून क्रिस्टल न करताही मिळतो. ॲबेक्वोजच्या सहाव्या कार्बनवरच्या मिथाइलचा आणि तिसऱ्या कार्बनवरच्या दोन हायड्रोजनांचा संकेत ठळक आला, तर तुमचा प्रतिपिंड एसई१५५-४ सारखाच आहे असं मानायला चांगला आधार मिळेल.

एलायझाच्या प्लेटबद्दल: शुद्ध बहुशर्करा, विशेषतः ऋणभारित, पॉलिस्टायरीनला नीट चिकटत नाही. कॅप्सूलच्या बाबतीत पॉली-एल-लायसिन किंवा मिथाइलित अल्ब्युमिन वापरून हे सोडवतात. लिपोपॉलिसॅकराइड त्याच्या लिपिडामुळे चिकटतं, ही तुमची सोय. त्रिशर्करा अल्ब्युमिनला जोडून प्लेटवर लावणार असाल तर एका अल्ब्युमिनवर किती तुकडे बसले ते मोजल्याशिवाय निकाल कोणाला दाखवू नका. तुकडे विरळ असतील तर दोन्ही बाहू बसणार नाहीत आणि चांगला प्रतिपिंडही नापास दिसेल.

शेवटची तपासणी मी सर्वांत आधी केली असती. टायफीम्युरियमच्या पुष्कळ जातींमध्ये ॲबेक्वोजच्या दुसऱ्या कार्बनवर ॲसिटाइल गट असतो. रक्तद्रव वर्गीकरणात ओ:५ म्हणतात तो हाच. तुम्ही विकत घेतलेल्या किंवा बनवलेल्या कृत्रिम त्रिशर्करेवर तो बहुधा नसणार. प्रतिपिंड ज्या जिवाणूवर बनवला त्याची जात ओ:५ असेल आणि प्रतिपिंडाने ॲसिटाइलसह ॲबेक्वोज ओळखायला शिकलेलं असेल, तर तुमची ढिली पकड एका बाहूच्या मर्यादेमुळे नसून चुकीचा तुकडा दिल्यामुळे आलेली असू शकते. ओ-साखळी वेगळी करा, पण सौम्य ॲसेटिक आम्लात आणि वेळेवर लक्ष ठेवून, कारण डायडिऑक्सी शर्करांचे जोड आम्लात सहज तुटतात आणि ॲबेक्वोजच हातची जायची. मग अर्धा नमुना सौम्य अल्कलीत ठेवून ॲसिटाइल काढा, दोन्ही नमुन्यांत ते आहे की नाही ते एनएमआरवर पाहून घ्या आणि स्पर्धक म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालवा. अल्कली दिलेलं लिपोपॉलिसॅकराइड थेट प्लेटवर लावून तुलना करू नका. अल्कलीने लिपिड ए ची मेदाम्लंही सुटतात, प्लेटवरची पकड ढिली होते, आणि ॲसिटाइल गेल्यामुळे पडलेला संकेत कोणता व धुऊन गेल्यामुळे पडलेला कोणता, ते सांगता येत नाही. दोन्ही स्पर्धक सारखेच निघाले तर तुमचा पाच-दहा मायक्रोमोलरचा आकडा खरा धरून पुढे चला. ॲसिटाइल असलेला नमुना कितीतरी पट सरस निघाला, तर त्रिशर्करा ॲसिटाइलसह नव्याने बनवून घ्या आणि मोजमाप पुन्हा करा.